खिशातली फरशी

“हॅलो?… हॅलो, कोण?… मिल्वा? कुठली मिल्वा?… अगं, आमच्या जीनोची मिल्वा! बोल की पोरी!”

धाकटा मुलगा बायकोपोरांसह तोरिनोला राहायला गेला, त्या वर्षीचा हा ऑक्टोबर. फरशांच्या कारखान्यांचं गाव असलेल्या सासुओलोतल्या घरात ओरेस्ते एकटाच उरला होता. फोन आला की ऐकू यावा म्हणून तो टीव्हीचा आवाज बारीक ठेवी. फोन येत नसे.

“छे गं, मला कसलं काम… हो, हो… भोकं? सुईच्या टोकाएवढी? तुमच्या कारखान्यातल्या सगळ्या फरशांना?… दोन आठवडे! आणि आत्ता फोन करतेस?… अगं ऐक ना. तुझा बाप दर गुरुवारी बिघडलेली फरशी कोटाच्या खिशात घालून बारमध्ये यायचा. आम्ही चौघं, चार कारखान्यांचे झिलईवाले, फरशीवर चकचकीत थर चढवणारे. पत्त्यांच्या शेजारी फरशी ठेवायची आणि डोकी खाजवायची. गुपितं फुटतात म्हणून मालक नुसते चरफडायचे!… आता? आता मी एकटाच… बापाच्या वहीत? काय लिहिलंय?… परत वाच… ‘भोकं पडली तर ओरेस्तेला विचारणे.’ एवढंच?… नाही, ऐकतोय. थांब, टीव्ही बंद करतो.

“मग ये ना गुरुवारी. फरशी आण, वाइन मी काढतो… सही? कसल्या कागदावर?… दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही?… अगं, तुझ्या बापाने मला पांढरी झिलई शिकवली, ती काय सही घेऊन? वीस वर्षं आमचा कारखाना तिच्यावर जेवला… राहू दे तुझे पैसे… काय? उद्या भट्टी बंद? साठ माणसं घरी?”

गुरुवार चार दिवसांवर होता. आत्ताच सांगून टाकलं, तर ती कशाला येईल? ओरेस्तेने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

“लिही… भट्टी फार पळवताय तुम्ही. मातीतला वायू निघायच्या आधीच झिलई वितळते, झाकण बसतं. मग तो ती फोडून बाहेर येतो. नऊशे अंशांच्या आसपास फरशी जरा जास्त वेळ राहू दे… हो, एवढंच… आणि समोरच्या कारखान्यातल्याने विचारलं तर त्यालाही सांगणार, आधीच सांगून ठेवतो… हसतेस? बापासारखीच हसतेस… तरी ये गुरुवारी. पत्ते आहेत… बघतेस? बरं, बघ… मिल्वा?… हॅलो?”

फरशी गुळगुळीत निघाली. पुढे ज्याने विचारलं त्याला ओरेस्तेने सांगितलं, आणि महिन्याभरात सासुओलोच्या खोऱ्यातल्या सात भट्ट्या नऊशेला रेंगाळू लागल्या. मिल्वा नोव्हेंबरात एकदा आली. फरशी नव्हती, केक होता. ती उभ्याउभ्याच गेली.

जीनो सेवेरी त्या वर्षी मार्चमध्ये वारला होता. ओरेस्ते फेरारीनी दोन डिसेंबरला वारला.