परतीची अट

वहिनी : उंच स्वर काढताना तळहात घासतो ना, तिथलं पॉलिश आणखी गेलंय. त्यांच्या वेळी नखाएवढं लाकूड उघडं होतं. आता चांगलं बोटभर आहे.

दीर : वहिनी, ते व्हायोलिन ठेवा हो खाली! बाहेर सभागृह खच्चून भरलंय. दादाच्या नावाच्या स्पर्धेतल्या विजेतीचं नाव पाकिटात तयार, आणि तिला द्यायला छदाम नाही.

वहिनी : दुसऱ्या-तिसऱ्या बक्षिसाचं?

दीर : ते तिकिटांतून निघेल. पहिल्याची रक्कम कंपनी देणार होती. सकाळी शेटजींनी हात वर केले. आता म्हणतात, व्हायोलिन विका, आत्ता चेक फाडतो.

वहिनी : वाजवणार कोण?

दीर : वाजवतंय कोण! ऑफिसच्या दारात काचेच्या कपाटात ठेवणार. खाली दादाच्या नावाची पाटी.

वहिनी : तुमच्या दादांना काचेत बसवायचं? ते जेवायलासुद्धा धड एका जागी बसले नाहीत कधी.

दीर : थट्टा सुचतेय तुम्हाला! देशोदेशीची मुलं आलीत. उद्या सगळीकडे छी थू होईल. पुढच्या वेळी कुत्रं फिरकणार नाही इकडे.

वहिनी : ती पहिली आलेली मुलगी आज कुणाचं व्हायोलिन वाजवत होती?

दीर : तिच्या बाईंचं. उद्या परत करायचंय म्हणे. का?

वहिनी : म्हणजे आपलं घेईल, आणि तीन वर्षांनी तेही परत करेल.

दीर : दादा गेल्यावर तुम्हीच केलेला नियम आहे तो. बक्षिसाची रक्कम कायमची, व्हायोलिन तीन वर्षांपुरतं. मी दर खेपेला म्हणतो, एकदा काय तो निकाल लावा, घरी ठेवा नाहीतर देऊन टाका. तुमचं आपलं, पुढच्या वेळी बघू.

वहिनी : परत आलं की आठवडाभर घरी असतं, भावोजी. मी रोज पेटी उघडून त्यांच्या हाताची खूण बघते.

दीर : ...ठाऊक आहे मला.

वहिनी : या वेळी सापडली नाही. इतक्या जणांचे हात लागलेत, त्यातली त्यांची कुठली, कळेना.

(दारावर टकटक.)

दीर : आलो, आलो! वहिनी, शेटजींना काय सांगू?

वहिनी : विकायचं नाही म्हणावं. रक्कम नाही हे स्टेजवर मी स्वतः सांगते. आणि निवेदकाच्या कागदावरची शेवटची ओळ खोडा.

दीर : कुठली?

वहिनी : ‘तीन वर्षांनी परत करावे.’ व्हायोलिन तिचं झालं.