तीन नंबरला दोन गुण

सत्यवती : नाही जोगारावगारू, हे मला पटत नाही. जज्जगारूंनी नऊ दिले, मी नऊ दिले, आणि तुम्ही तीन नंबरला दोन? नुसती खोकली असती तरी तीन मिळाले असते तिला!

जोगाराव : मी तटस्थपणे दिलेत. अख्खी नोकरी वजनमाप खात्यात काढली मी. काट्याला दुकानदार कळत नाही, नातं कळत नाही.

जज्जगारू : नातं? नात्याचा विषय कुणी काढला?

जोगाराव : उदाहरण दिलं.

सत्यवती : आधी मला सांगा, परीक्षकांनी चादरीआड बसून हरिकथा ऐकायची, ही अक्कल कुणाची? कथेकरी नाचतो, हातवारे करतो, ते सगळं राहिलं पलीकडे. आपण इकडे चादरीची शिवण बघत बसलो.

जज्जगारू : माझी अक्कल. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, अम्मा. रामनवमीला आपल्या मांडवात कोण उभं राहणार, हे दरवर्षी ओळखीपाळखीवर ठरायचं. म्हणून यंदा नावं नाहीत, नुसते नंबर.

सत्यवती : आणि एक नंबरनं तोंड उघडताच काय केलं? गुरूंना नमस्कार, गुरूंच्या गुरूंना नमस्कार, आजोबांना, गावाला, सगळं नावानिशी! घराचा पत्ता तेवढा सांगायचा राहिला.

जज्जगारू : गुरूचं नाव घेतल्याशिवाय कथेकरी चिपळ्या उचलत नाही, हे माझ्या ध्यानातून गेलं. चूक कबूल. पण तीन नंबरनं नियम पाळला. क्षणभर थांबली, मनातल्या मनात नमस्कार केला असणार, मग सुरू झाली.

जोगाराव : दुसऱ्याला बोलता सत्यवतीगारू, तुम्ही दोन नंबरचे गुण का कापलेत?

सत्यवती : त्यानं लंकादहन सांगितलं, पण ज्यांची घरं जळली त्यांचं म्हणणंच घेतलं नाही. मी वर्तमानपत्रातली बाई. दोन्ही बाजू आल्या पाहिजेत.

जज्जगारू : मारुतीरायाच्या शेपटीला आग लावली, त्यालाही दुसरी बाजू?

सत्यवती : शेपटीची बाजू आली की! घरांची राहिली.

जज्जगारू : राहू दे. जोगाराव, इकडे बघा. तीन नंबरचा आवाज यापूर्वी ऐकलात कधी?

जोगाराव : ...ऐकलाय.

जज्जगारू : कुठे?

जोगाराव : न्हाणीघरातून.

जज्जगारू : कधी?

जोगाराव : रोज सकाळी. पाणी तापलं की.

सत्यवती : अय्यो! माणिक्यम? तुमची माणिक्यम?

जोगाराव : हळू बोला हो! पलीकडेच बसलीय ती. आवाज बदलून गात होती बिचारी. पण सीता लक्ष्मणाला विचारते ना, 'आपण घरी परत कधी जायचं?' तिथे कळलं मला. रडू आलं की आमच्या पोरीचा आवाज खाली जात नाही, वर चढतो. दुधाचा दात पडला तेव्हापासून तसंच.

सत्यवती : आणि हे ओळखून दोन दिलेत? तिचं लग्न ठरलंय ना उन्हाळ्यात?

जोगाराव : ठरलंय. 'नान्ना, सासरी चिपळ्या वाजवू देतील की नाही कोण जाणे, एकदा तरी आपल्या रामापुढे उभी राहू दे,' असं बापाला म्हणते. पण मी आठ दिले तर बाजार काय म्हणेल? जन्मभर लोकांचे काटे जप्त केले, आणि स्वतःच्या घरी पारड्यावर अंगठा!

जज्जगारू : मग मला सांगायचं होतंत. आपलं माणूस समोर आलं तर न्यायाधीश खटला सोडतो. आपलं आहे म्हणून फाशी देत नाही.

सत्यवती : दुकानदारानं माप कमी दिलं तर तुम्ही काय करायचात?

जोगाराव : काटा जप्त.

सत्यवती : आणि ते कमी माप त्यानं स्वतःच्या लेकीला दिलं असेल तर?

जोगाराव : ...तरी जप्त.

सत्यवती : अंगठा तुम्हीही लावलात, फक्त दुसऱ्या पारड्यावर. आणि तिनं कथा तरी कुठली सांगितली? लोक काय बोलतील म्हणून राजानं घरचं माणूस रानात धाडलं, ती!

जोगाराव : रामाला नावं ठेवू नका.

जज्जगारू : कोण ठेवतंय? माझ्या रामाचा ऊर तेव्हा कसा फुटला, हेही तिनंच गायलं. शेवटी. माझे डोळे भरून आले. तुम्ही ऐकलंत ते?

जोगाराव : नाही.

जज्जगारू : शेजारी तर बसला होतात.

जोगाराव : मी चुका शोधत होतो. गुण कापायला काहीतरी सापडायला नको?

सत्यवती : सापडलं?

जोगाराव : एकदा ताल चुकलासा वाटला. पण तो माझाच पाय हलत होता.

(जोगाराव आपला गुणांचा कागद फाडतात, त्याचा आवाज.)

जज्जगारू : ठीक. आता आम्हा दोघांचेच गुण धरू. नवमीला तीन नंबर उभी राहील.

सत्यवती : मी जाऊन सांगते तिला. पण नान्नांनी किती दिले म्हणून विचारलं, तर काय सांगू?

जोगाराव : सांगा, नान्नांनी गुण दिले नाहीत. आणि शेवटचा भाग पुन्हा एकदा म्हणशील का, म्हणून विचारा. माझा ऐकायचा राहिलाय.