शेवंतीसाठी पाचट

चांगुणा : आन् ह्यो उंदीर हाय का ससा, ते तरी सांग आधी.

बिभीषण : दोन्ही नाही, आई. गिनीपिग म्हणतात. हिचं नाव शेवंती.

चांगुणा : उंदराला शेवंती! आन् पोट तरी केवढं. दिस भरलं की हिचं.

बिभीषण : म्हणूनच फोन केला होता. येताना मऊ, कोरडं काहीतरी आण म्हटलं होतं. हिला अंथरायला.

चांगुणा : आनलंय की गोनीभर. मुकादमाला म्हनलं, नगरला ल्योकाकडं जाऊन येते, दुपारच्या टेम्पोनं माघारी. नेवाशाच्या उसाच्या फडावरनं थेट तुझ्या खोलीवर. सोड गोनी.

बिभीषण : आई… हे पाचट आहे.

चांगुणा : मंग?

बिभीषण : उसाचा वाळला पाला.

चांगुणा : मला सांगतूस व्हय पाचट काय आसतंय? अंथराय म्हनलास तू. आमी जलमभर फडावरच्या कोपीत, त्या पाल्याच्या खोपटात, दुसरं काय अंथरलं?

बिभीषण : रागावू नकोस. पण याच्या कडा पात्यासारख्या असतात. तुझ्याच हातांवर बघ किती ओरखडे आहेत. चालताना हिचं पोट जमिनीला टेकतं गं.

चांगुणा : मंग आत्ता खाली हाय त्याला काय झालं? लाकडाचा भुसा हाय, मऊ हाय.

बिभीषण : वखारीतून मीच आणला होता. मलाही मऊच वाटला. पण त्याची बारीक धूळ उडते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हिचा जोडीदार त्या धुळीनेच गेला. आधी शिंका, मग छातीत घरघर. डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी समजत होतो, थंडी बाधली असेल. आता हीही शिंकते. ऐक.

चांगुणा : व्हय की. मोहरी तडतडावी तशी शिंकती.

बिभीषण : पिल्लं या धुळीत जन्मली तर त्यांचा पहिला श्वासच… नाही. आज हे सगळं बदलायचं. ही खोली फार शांत असते, आई. वाचनालयातून परतलो की कुलपाचा आवाज ओळखून ही शीळ घालते. दिवसभरात मला कुणी हाक मारली, तर ती एवढीच.

चांगुणा : तरी मी म्हनते, लगीन कर.

बिभीषण : आई!

चांगुणा : बरं, ऱ्हायलं. त्या पिशवीत काय?

बिभीषण : लोकरीसारखं कापड. यांच्यासाठीच बनवतात. कालच पार्सल आलं.

चांगुणा : कोरं हाय?

बिभीषण : अगदी कोरं.

चांगुणा : मंग ठिव तसंच घडी घालून. नव्या जिवाला कोरं कापड लावत न्हाईत. जुनेर लागतं. कोऱ्याला आजून कुनाच्या अंगाची ऊब ठावं नसती.

बिभीषण : ही माणसं नाहीत, आई.

चांगुणा : बाळंतीन हाय न्हवं? बस आसा म्होरं. दोन फडकी दे, हाताला गुंडाळू. ह्या पाल्याची कड नखानं धरायची आन् सोलत न्ह्यायची. मधली शीर टाकून द्यायची. मंग उरलेलं फडक्यात धरून मऊ हुईस्तवर चोळाय… आई गं!

बिभीषण : कापलं ना? दाखव.

चांगुणा : काय न्हाई, रेघ हाय. मला तरी कुटं येतंय. मी आडवी पडून नुसतं बगत हुते. बाया करत हुत्या.

बिभीषण : कुठल्या बाया? कधी?

चांगुणा : तुझ्या टायमाला. तू फडात झालास, ठावं हाय न्हवं?

बिभीषण : तेवढंच ठाऊक आहे. फडात. पुढचं तू कधी सांगितलं नाहीस.

चांगुणा : तू इचारलं न्हाईस.

बिभीषण : विचारायला धीर झाला नाही. कुणी जन्मगाव विचारलं तर आजही मी विषय बदलतो. मला वाटत आलं, की मी उघड्या मातीवर झालो असेन. थंडीत. आपल्यासाठी कुणी काही अंथरलं असेल, असं कधी मनातच आलं नाही.

चांगुणा : सोलत ऱ्हा, हात थांबवू नगस. पौषच हुता, आत्तासारखाच. सकाळी मोळी डोक्यावर घेतली आन् कळ आली. कोपीतलं पाचट तुडवून तुडवून वलं झाल्तं. कडूबाई म्हनून टोळीतली थोरली बाई, तिनं आत डोकावून बगितलं आन् भाईर जाऊन वरडली, “कोयतं खाली ठिवा.”

बिभीषण : मग?

चांगुणा : मंग काय, समदा फड गप झाला. बाया कोपीच्या तोंडाशी गोल करून बसल्या आन् एकेक पाला सोलाय लागल्या. कुनी बोलंना. नुसतं सर्र, सर्र. मला वाटलं, पाऊसच आला बारीक.

बिभीषण : कळा सोसताना तू हे ऐकत होतीस?

चांगुणा : त्याच्यावरच तर ध्यान ठिवलं. तेवढ्यात मुकादम आला बांधावरनं. गाडी भरायची ऱ्हायलेली. म्हनलं, आता शिव्या घालतोय. तो हुबा ऱ्हायला. बगितलं. मंग पटका सोडून हाताला गुंडाळला आन् बायांच्यात बसून त्योबी सोलाय लागला.

बिभीषण : मुकादम?

चांगुणा : त्योच. बिगर शिवीचं त्याचं तोंड तेवढंच एकदा बगितलं.

बिभीषण : एका मुलासाठी अख्खा फड थांबला.

चांगुणा : थांबला म्हंजे? ढीग झाला सोललेल्या पाल्याचा. पुरं झालं म्हनलं तरी बाया सोलतच हुत्या. वरनं कडूबाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून टाकला. तुझा बाप कोयता तापवत हुता नाळ कापाय… तू का थांबलास?

बिभीषण : काही नाही. हे बघ, एवढं झालं.

चांगुणा : गालाला लावून बग.

बिभीषण : मऊ आहे. आई, खरंच मऊ आहे.

चांगुणा : मंग घाल.

बिभीषण : आधी दाराबाहेर नेऊन झटकतो. यातही धूळ असणार.

चांगुणा : हे बेस. आन् जुनेर काय हाय तुझ्याकडं? लई घातलेलं?

बिभीषण : हा निळा सदरा. कॉलेजची सगळी वर्षं यातच गेली. कोपरे विरलेत. थांब, सुटे दोरे कापून घेतो. पिल्लांच्या पायांना गुंडाळतात, पाय सुजतो.

चांगुणा : हे मला सुचलं नसतं.

बिभीषण : भुसा सगळा काढून टाकला. आता खाली पाचट, वर सदरा. ये शेवंती. ये गं. घाबरू नकोस.

चांगुणा : हुंगती. गोल फिरती बग. बसली… न्हाई, उठली.

बिभीषण : आवडलं नसेल.

चांगुणा : गप. बाळंतीन जागा करती आपली. बसली.

बिभीषण : आई, खाली टेम्पो आला. हॉर्न वाजतोय.

चांगुणा : वाजू दे.

बिभीषण : मुकादम बोलेल तुला.

चांगुणा : मी कोयता खाली ठिवलाय म्हनावं.

(हॉर्न पुन्हा वाजतो. मग टेम्पोचा आवाज दूर जातो.)

बिभीषण : ही थरथरतेय. आई, काहीतरी बाहेर येतंय!

चांगुणा : हात लावू नगस. तिचं तिला करू दे.

बिभीषण : आलं. हालत नाही. आई, ते हालत नाही.

चांगुणा : दम धर.

बिभीषण : चाटतेय ती त्याला. शेवंती… तरी हालत नाही. पुन्हा तेच होणार.

चांगुणा : दम धर, बाळा. तूबी लगेच रडला न्हवतास.

बिभीषण : शिंकलं! आई, ते शिंकलं! धूळ गेली का नाकात?

चांगुणा : धूळ कसली. नाकातलं पानी काडलं. बग की, मान उचलली.

बिभीषण : पुस्तकात वाचलं होतं, पण… अंगावर केस आहेत. नखं आहेत. बोटाएवढा जीव, आणि सगळं घेऊन आला.

चांगुणा : बिभीषणा, आरं, ह्याचं डोळं उघडं हायती!

बिभीषण : हो. जन्मतःच उघडे असतात यांचे.

चांगुणा : आत्ता झालं आन् बगाय लागलं! मांजरीची बगितली, कुत्रीची बगितली, समदी आंधळी येत्यात. हे तर चालाय लागलं की सदऱ्यावर. देवा, काय काय करून ठिवलंयस रं तू!

बिभीषण : हळू बोल. दुसरं येतंय बहुतेक.

चांगुणा : येऊ दे. पाचट मायंदाळ हाय.

बिभीषण : आई, मी पहिल्यांदा काय पाहिलं असेन?

चांगुणा : तुरं. उसाला पांढरं तुरं आल्तं. कोपीच्या तोंडातनं दिसायचं. वाऱ्यानं हाललं की तू रडायचा थांबायचास.

बिभीषण : आणि हे? हे काय बघत असेल?

चांगुणा : तुला बगतंय. हालू नगस.