फिरकीचं झाकण

थेरपीच्या खोलीचं दार चिमुरड्या बबडीमागे बंद झालं, तशी माझ्या शेजारच्या बाकावरची तिची आई सासूकडे वळली.

"आई, बबडीच्या फ्रॉकवर चुरा होता. बिस्किटाचा."

"असेल कशाचा तरी."

"डाएटवाल्या बाईंनी महिनाभर गोड बंद सांगितलंय. तुम्ही गुपचूप देता ना तिला?"

"मी? शप्पथ नाही."

"मग बरणीतली तीन बिस्किटं कुठे गेली?"

"मोजून ठेवतेस होय! म्हणजे माझ्यावर पाळत?"

"विषय बदलू नका. दुपारी घरात तुम्ही दोघीच असता."

"अगं, त्या बरणीचं झाकण फिरकीचं. माझी बोटं ही अशी आखडलेली. उघडायला रोज सकाळी तुलाच हाक मारते की नाही?"

"मारता."

"मग?"

"मग उघडली कुणी? बबडीला काय करायचं ते कळतं, पण हातांना सुचत नाही. एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, वर्षभर आत हेच शिकवतायत."

"मी आडवी झाले होते. स्वयंपाकघरात खुडबुड चालली होती. वाटलं, मांजर असेल."

"किती वेळ?"

"बराच वेळ. मग थांबली."

दोघी बंद दाराकडे बघत राहिल्या.

"आजच माळ्यावर टाकते ती बरणी."

"नको, आई. तिथंच राहू दे. बिस्किटं काढून बदाम ठेवू."

"आणि झाकण?"

"झाकण मी लावते. चांगलं घट्ट."