ब्रेकला बांधलेली चिंधी

—तेलच आहे हो ते, त्यात एवढं निरखून बघण्यासारखं काय? या इकडे, या नळाला धुवा हात. थांबा, नुसत्या साबणाने नाही जायचं. ही घ्या चिमूटभर साखर, साबणाबरोबर चोळा—मिस्त्रीने शिकवलंय मला, या दोघांच्या बापाने. शेजारीच राहायचा, रोज दार ठोठावायचा, "वहिनी, साखर." चहाला कमी न् हाताला जास्त. निघालं बघा कसं. आता बसा. थोरला येईलच, तुम्ही नेणार त्या गाडीसाठी लाकडी खोका आणायला व्हॅन घेऊन गेलाय. फ्रेमवाला ना तो—लोकांच्या लग्नाचे, मेलेल्यांचे फोटो काचेत बसवतो, त्याला खोका काय जड आहे? तोवर चहा घ्या. आणि जरा हळू बोलू या हं, आतल्या खोलीत धाकटा निजलाय. मघाशीच गोळी ठेवून आले उशाशी, ती घेतली की तास-दोन तास झोपेत गडप असतो. जबडा तारेने बांधलाय त्याचा, मांडीपर्यंत प्लास्टर. बोलता येत नाही, नळीने सूप पाजते मी. स्वतःच्या घरी कसा ठेवणार हो? मध्ये एक भिंत आहे म्हणून दोघं जिवंत आहेत.

म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही? थोरल्याने नुसतं "या, संग्रहालयासाठी घेऊन जा" एवढंच सांगितलं? शाबास. बरं, मी काही कुणाच्या घरातलं सांगत फिरणारी बाई नाही. पण तुम्ही तर ती तांबडी कायमची नेणार, तुम्हाला कळायलाच हवं. तांबडी म्हणजे ती मोटारसायकल हो, तिचं खरं इटालियन नाव माझ्या जिभेवर बसत नाही. कारखान्यात एक इटालियन इंजिनियर होता, तो मायदेशी परत जाताना मिस्त्रीला देऊन गेला—तशा फार थोड्याच बनवल्या होत्या म्हणे, आता जगात कुणाकडे असतील तर असतील. तुम्हाला ठाऊक. मिस्त्री दर रविवारी तिला बाहेर काढायचा. पुढे टाकीवर धाकटा, मागे थोरला. धाकटा ओरडायचा, "अजून जोरात!" आणि थोरला बापाच्या पाठीला गाल चिकटवून डोळे मिटून बसायचा. घरी आले की फडकं घेऊन आधी तोच पुसायला धावायचा. तेव्हाच दिसत होतं, साहेब, आईविना पोरं, पण दोघांनी बाप वाटून घेतला होता—एकाने पळता, एकाने उभा.

आणि त्या माणसाने मरताना केलं काय? मी होते ना तिथे, सूप घेऊन गेले होते. एका दमात, एका श्वासात—थोरल्याचा हात धरून म्हणाला, "तांबडीला सांभाळ," न् मान वळवून धाकट्याला, "चालती ठेव रे तिला." झालं. गेला. त्याला काय, तो सुटला. हे दोघे त्या दोन वाक्यांना धरून एकमेकांच्या नरड्यावर बसले.

पहिली मारामारी काचेवरून. थोरल्याने पुढच्या खोलीत काचेचं कपाट बांधलं, ते तुम्ही आता माझ्याकडून किल्ली नेऊन बघितलंत ना, एका बाजूला फळी ठोकलेलं? तिथेही काच होती. त्याचं म्हणणं, तिच्यातला एकेक स्क्रू त्या वेळचा आहे, रस्त्यावर एक पडला तर कुठून आणणार? एकदा मोडली की संपली, परत कोणी बनवणार नाही. खोटं नाही हो ते. धाकटा वेल्डिंग करतो, त्याचं म्हणणं, आतल्या रबरी वाट्या न चालवता कुजतात, पिस्टन जागच्या जागी धरतो, "अरे तू बाबांचं प्रेत खुर्चीत बसवून ठेवतोयस!" तेही खोटं नाही. मी दोघांनाही "हो बाबा, खरंय" म्हणायची. आणि एक दिवस खळ्ळकन आवाज आला. आमचे हे जेवत होते, तसेच हात न धुता धावले. बघतात तर धाकट्याने काचेतून कोपर घातलेलं, रक्ताची धार लागलेली, आणि थोरला—फ्रेमा ठोकायची लाकडी मोगरी असते बघा—तीच घेऊन त्याच्या बोटांवर हाणतोय, ज्या बोटांनी हँडल धरलं होतं त्याच बोटांवर. "सोड! सोड!" आणि हा सोडत नाही. हे मध्ये पडले तर यांच्याच तोंडावर कोपर बसलं, पुढचा दात हलायला लागला. हे अजून हसताना ओठ मिटून हसतात, मी म्हणते बरंच झालं, रुबाबदार दिसता.

हसू नका, पुढचं ऐका. धाकट्याच्या दोन बोटांना आता नख नाही. त्याने मनात ठेवलं. थोरला दुकानातून यायच्या आधी कॅनमधून पेट्रोल आणलं, खोलीतच गाडी सुरू केली—दारं-खिडक्या बंद! आमच्या भिंतीवरच्या बशा नाचायला लागल्या. थोरला आत शिरला तसा याने त्याचं मनगट धरलं आणि तळहात दाबला त्या नळीवर, धूर जातो त्या तापलेल्या नळीवर. "बघ, आहे का जिवंत? आहे का? सांग!" अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही, साहेब. आणि वास. सांगू नये असा वास. मी दार ढकलून आत गेले, हाताला लागलं ते लाटणं—नाही, झाडू होता, धाकट्याच्या पाठीत घातला. तो मागे वळला तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. मारणारा तोच, रडणारा तोच. थोरला मात्र रडला नाही. तळहाताकडे बघत राहिला. त्याच्याशी हात मिळवलात ना सकाळी? उजवा नाही दिला ना? नाही देत तो कुणाला.

तेव्हापासून बोलणं बंद. निरोप माझ्यातर्फे. "मावशी, त्याला सांगा वीज भरली." "मावशी, त्याला सांगा मेला तरी चालेल." मी मधलं गाळून सांगायची. थोरल्याने खोलीला कुलूप घातलं आणि तांबडीला पक्की निजवायला घेतली. टाकी उपसली, चाकं खोलली, आणि ते चाकाच्या मधलं पातेल्यासारखं असतं—ड्रम, हां—त्याला आतून तेल चोळलं, चकचकीत, न् चाकं परत बसवली. आमच्या स्वयंपाकघरातून सरळ दिसते ती खोली, म्हणून दिसलं, मी काही डोकावत नाही. मी विचारलंच, काय रे हे? म्हणाला, "मावशी, गंज धरू नये म्हणून." तुम्ही मघाशी बोटाने काढून बघितलंत ते तेच की. तुम्हीही लावता ना तिकडे? ...मग? लावता ना, मग तोंड का असं केलंत?

ब्रेक लागत नाही? म्हणजे काय, मुळीच लागत नाही? अहो, पण ती चालवायची नव्हतीच ना, म्हणून लावलं. आणि त्याने चिंधी बांधली होती, अगदी कायद्याने! मिस्त्रीच्या हाताखाली दोघं शिकले, त्याचा एक दंडक होता—गाडीत काही कमी असलं की ब्रेकच्या दांड्याला तांबडी चिंधी बांधायची. मग ती गाडी कुणी म्हणजे कुणी रस्त्यावर न्यायची नाही, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दोघं भाऊ एकमेकांचं डोकं फोडतील, पण चिंधी असताना धाकटा तिला हात लावायचा नाही. बापाचा शब्द. आणि चिंधी नसली की डोळे मिटून बसायचं, तपासायचीही नाही, इतका विश्वास.

तर नेली कशी म्हणता? अहो, तेच तर गोड झालं होतं—म्हणजे वाटलं होतं. मिस्त्रीला जाऊन वर्ष झालं त्या रविवारी. आदल्या संध्याकाळी थोरला आला, इथेच, तुम्ही बसलात तिथे बसला. म्हणाला, "मावशी, त्याला सांगा, उद्या बाबांच्या नावाने एकदा ने म्हणावं. कुलूप उघडं ठेवतो." मला भरून आलं हो. मी तशीच अनवाणी धावले धाकट्याकडे. तो म्हणाला, "दादा म्हणाला? दादा स्वतः?" त्याने मला उचलून गरगर फिरवली, एवढ्या बाईला! सकाळी उजाडता उजाडता आला, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून, जसा काही मुलगी बघायला निघालाय. गाडी ढकलत बाहेर काढली, कॅनमधून पेट्रोल भरलं. थोरला वरच्या खिडकीत उभा. धाकट्याने वर बघून हात केला, आणि त्यानेही केला, तोच हात, भाजलेला. मी म्हटलं, चला, मिटलं एकदाचं.

गल्ली सपाट आहे, तिथे काय कळणार. पुढे उतार, उताराखाली वळण, वळणावर बसची वाट बघत माणसं उभी. त्याने ब्रेक दाबले असतील, पुढचा, मागचा. लोक सांगतात तो ओरडत होता, "बाजूला व्हा!" माणसं जागची हलेनात. मग त्याने हँडल फिरवलं आणि पाण्याच्या टाकीची दगडी भिंत घेतली अंगावर. आवाज इथपर्यंत आला. मी पोचले तेव्हा जबडा इकडचा तिकडे, दात रस्त्यावर, पायाचं हाड प्यांटीतून बाहेर—आणि हा बाबा रक्ताच्या गुळण्या टाकत हाताने खूण करतोय, गाडी, गाडी बघा. गाडीला पुढच्या चाकाचा काटा वाकण्यापलीकडे काही नाही. त्याच्या अंगावर पडली ना ती. गादीच मिळाली तिला.

आणि तेव्हापासून पोरगं पार मोडलं. दवाखान्यात पाटीवर लिहून दाखवलं मला, "दादा बरोबर होता. म्हातारी झालीय, चालवायला नको होती." थोरल्याने तुम्हाला बोलवायचं ठरवलं, मी येऊन धाकट्याला विचारलं, देऊ या का रे? तर मान हलवली. भिंतीकडे तोंड करून हलवली. म्हणून तर तुम्ही आलात. म्हणजे बघा, सगळं रीतसर आहे, दोघांच्या मर्जीने आहे.

काय? चिंधी? नव्हती म्हणजे, सोडली होती ना. कुणी म्हणजे, ज्याने बांधली त्याने—मी बघितलं की माझ्या डोळ्यांनी. इथून मला निरोप देऊन गेला न् सरळ खोलीत. दिवा लावला. चिंधी सोडली. चाकं? नाही, चाकं नाही खोलली. तेल पुसायला चाक खोलावं लागतं का? पण मग... नाही, मी खिडकीतच होते बराच वेळ, भांडी घासत होते. चिंधी सोडली, हातात धरून जरा उभा राहिला, दिवा मालवला. सकाळी बोळात पडलेली मिळाली मला, चांगलं कापड वाया कशाला, म्हणून धुतली—ती काय, तुमच्या मागे, खिडकीची कडी वाऱ्याने आपटते म्हणून बांधलीय तिला. धाकटा कुबडी टेकत सूप प्यायला इथे येतो, रोज त्याच्यासमोर तीच सोडते न् बांधते, त्याला काय ठाऊक—

अहो, असे बघू नका माझ्याकडे. मी काही म्हटलं नाही हं. विसरला असेल! तेल लावलं ते विसरला असेल, माणूसच आहे. भाऊ आहे तो त्याचा, मागे बसायचा त्याच्या—पोलिसांनाही मी हे नाही सांगितलं, त्यांनी विचारलंच नाही. तुम्ही परके, उद्या जाल, म्हणून सहज बोलण्याच्या ओघात... तुम्ही कुठे बोलू नका. त्या पोराच्या कानावर गेलं तर तो प्लास्टरसकट उठून—थांबा. काहीतरी सरकलं का आत? मांजर असेल.

बाळा? निजलास ना रे?

...अहो साहेब. गोळी बशीत तशीच आहे. घेतलीच नाही याने. पलंग रिकामा आहे. कुबडी—कुबडी पण नाही. मागचं दार सताड उघडं! बाळा! अरे, मावशी वेडी आहे रे, काहीही बडबडते—किल्ली? किल्ली तुम्ही परत दिलीत ना मला? दाराला तशीच ठेवलीत? उघडंच ठेवून आलात?

ऐका. हातोडा. त्याचा मोठा हातोडा आहे तो, आवाज ओळखते मी. काच गेली... हा पत्रा. टाकी फोडतोय. तांबडीवर घालतोय, घालू दे, साहेब, तुम्ही मध्ये पडू नका, लोखंड आहे, जाऊ दे भुगा होऊन. मार रे बाळा, तिलाच मार, जीव जाईस्तोवर मार तिला—बाई गं. व्हॅनचा हॉर्न. थोरला आला. अहो, थोरला आला खोका घेऊन, अडवा त्याला कुणीतरी! अरे, आत जाऊ नकोस! ऐकतोस का, आत—

गेला.

तुम्ही उठा. चहा ठेवा तो खाली. ही तुमची पिशवी, निघा तुम्ही, काही न्यायचं नाही इथून, जा म्हणते ना—

थांबा जरा. हातोड्याचा आवाज येतोय का तुम्हाला? मला नाही येत.