खिडकीखालचा बर्फ

सोल्वेग : आत एक पाऊल टाकून बघा! तिथंच थांबा, पडवीत.

वाल्दी : अगं, पडवीत उणे अठ्ठावीस आहे.

सोल्वेग : आठ दिवस गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या लाकडी खोक्यात बसलात ना? मग उणे अठ्ठावीस म्हणजे तुमचा उन्हाळाच. ओक्सानाबाई, तुम्हीच सांगा यांना. मी तोंड उघडलं तर शिवीच बाहेर पडेल.

ओक्साना : सांगते. हे बघा आजोबा...

वाल्दी : आजोबा व्हायला अजून सात आठवडे आहेत, बाई. घाई नको.

ओक्साना : चेष्टा पुरे. मी विनिपेगच्या हॉस्पिटलातली किरणसुरक्षा अधिकारी. सकाळी तुमच्या गावच्या कचऱ्याची गाडी डेपोच्या वजनकाट्यावर चढली आणि भोंगा वाजला. किरणांचा भोंगा. मागच्या सहा गाड्या अडकल्या. मला दीड तास गाडी हाकत यावं लागलं. अख्ख्या गावाचा कचरा बर्फावर पसरून मी एकेक पिशवी मीटरनं तपासली. पंचेचाळिसाव्या पिशवीत काय निघालं माहितेय?

वाल्दी : नसेल माहीत तर तुम्ही सांगालच.

ओक्साना : कागदी रुमाल. प्लॅस्टिकचे चमचे. माशांची हाडकं. आणि आमच्याच हॉस्पिटलचं पाकीट, तुमच्या नावाचं! पाकिटावर ठळक अक्षरात छापलंय, 'वापरलेला कचरा ऐंशी दिवस वेगळा ठेवा.' वाचलंत?

वाल्दी : वाचलं ना. पण मला वाटलं, नेहमीप्रमाणे वाढवून सांगताहेत. मीही मासा सांगताना हात जरा लांबच करतो.

सोल्वेग : बघा! ऐकलंत? असा आहे हा माणूस. मला काय सांगून गेला माहितेय? 'विनिपेगला जातो, गळ्याची तपासणी आहे.' तपासणी! किरणोत्सारी आयोडीनची गोळी गिळून आलात आणि मला सांगितलंत तपासणी. मी सात महिन्यांची आहे, बाबा!

वाल्दी : म्हणून तर घरात आलो नाही. थेट तळ्यावर गेलो.

सोल्वेग : तुम्ही म्हणालात, मासे गळाला लागताहेत!

वाल्दी : लागतही होते. त्या गोळीनं अंगात अशी काही ऊब शिरली की काय सांगू, गळ टाकायला भोकसुद्धा पाडावं लागेना. नुसतं बर्फावर बूड टेकायचं, भोक आपोआप पडायचं. एक पाईक मासा तर अर्धा शिजूनच वर आला. मीठ तेवढं लावायचं राहिलं होतं.

सोल्वेग : गप्प बसा!

ओक्साना : सोल्वेग, शांत व्हा. रक्तदाब वाढेल.

सोल्वेग : वाढू दे. ओक्सानाबाई, हा माणूस खोटं बोलतो तेव्हा आधी हसवतो. सगळं गाव हसतं. आई हॉस्पिटलात होती, मी विनिपेगला शिकत होते. रोज फोन. 'आईनं आज नर्सला पत्त्यांत हरवलं. आईनं जेलीचा वाडगा डॉक्टरच्या टाळक्यात घातला. तू परीक्षा दे.' मी परीक्षा दिली. घरी आले तर दाराशी आईच्या अंत्ययात्रेची फुलं पडलेली होती. आता मी मानायचं की हा घरात आला नाही. कशावरून? याच्या शब्दावरून?

वाल्दी : आलो नाही, सोल्वेग.

सोल्वेग : रोज पडवीतल्या खिळ्याला मासे कोण लावून जात होतं? मी खाल्लेत ते! तळून, लोणी घालून! ओक्सानाबाई, त्या हातांनी साफ केलेले मासे मी खाल्लेत. बाळाच्या गळ्याला काही होईल का? खरं सांगा. हसवू नका मला.

ओक्साना : मी कुणाला हसवत नाही. माझ्या नोकरीत ती सोय नाही. हे आयोडीन गळ्यात जाऊन बसतं, म्हणून गळ्याच्या गाठीवर देतात. बाळाच्या गळ्यातही बसू शकतं, म्हणून तर एवढे नियम. काही मासे उरलेत?

सोल्वेग : फ्रीजरमध्ये तीन.

ओक्साना : काढा. नको, थांबा, मीच काढते. तुम्ही त्या खुर्चीत बसा. आणि तुम्ही, दारात बूट वाजवू नका, मला मीटर ऐकू द्या.

वाल्दी : दर माशाला नवा हातमोजा घातला होता. पेटीच्या पेटी संपवली. तळ्यावरचे लोक विचारत होते, वाल्दी, माशाची शस्त्रक्रिया करतोस काय?

सोल्वेग : काय म्हणतंय ते यंत्र?

ओक्साना : काही नाही. हे जे अधूनमधून टिकटिक होतंय ना, तेवढं कुठंही होतं. दगडातून, आभाळातून. मासे स्वच्छ आहेत. मोरी स्वच्छ. कप. नळाची चावी. हा सोफा?

सोल्वेग : त्यांचाच आहे.

ओक्साना : स्वच्छ. संडास कुठं?

सोल्वेग : डावीकडे. तिथं नीट बघा. तिथंच सापडेल.

वाल्दी : सापडलं तर मला तळ्यात बुडवा. भोक मोठं आहे.

ओक्साना : स्वच्छ. बेसिन, टॉवेल, जमीन, सगळं. तुमची खोलीही बघते, आजोबा. पलंग... काही नाही. सोल्वेग, तुमचे वडील गेल्या आठ दिवसांत या घरात आलेले नाहीत. हे मी लिहून द्यायला तयार आहे.

सोल्वेग : मग? त्यामुळे ते साधू झाले?

ओक्साना : मुळीच नाही. आता माझी पाळी. आजोबा, नोव्हेंबरात तुम्ही फॉर्म भरलात. घरात कोण? तुम्ही लिहिलंत, 'एकटा.'

वाल्दी : तेव्हा होतोच एकटा. ही नाताळात आली.

ओक्साना : गोळी द्यायच्या दिवशी आमच्या माणसानं पुन्हा विचारलं, घरी काही बदललंय का? त्यानं उत्तर शब्दाला शब्द लिहून ठेवलंय. तुम्ही म्हणालात, 'फक्त हवामान.'

वाल्दी : हवामानही बदललं होतं.

ओक्साना : मी इतकी चिडलेय ना की हा मीटर तुमच्या डोक्यात घालीन, पण तो सरकारी तपासणीला द्यायचाय! घरात गरोदर बाई, आणि तुम्ही 'हवामान' म्हणता? का? कशासाठी?

वाल्दी : सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, पोरीला दहा दिवस दुसरीकडे पाठवा. दुसरीकडे म्हणजे कुठं? डेरेककडे? नाताळच्या आदल्या दिवशी ही या दारात आली तेव्हा अंगावर कोट नव्हता, बाई. पायात घरातल्या सपाता. त्याच नवऱ्याच्या घरातून पळत गाडीत बसलेली. तिला मी म्हणू, जा, दहा दिवसांनी ये?

ओक्साना : तिला नाही हो! तुम्हाला पाठवलं असतं! हॉस्पिटलला लागून खोल्या आहेत आमच्या. बाहेरगावच्या पेशंटसाठीच बांधल्यात. स्वतंत्र संडास, गरम पाणी, जेवण दारात. फुकट.

वाल्दी : ...फुकट?

ओक्साना : टीव्हीसुद्धा आहे.

वाल्दी : टीव्हीवर हॉकी लागते?

ओक्साना : लागते!

वाल्दी : मग आधी सांगायचं नाही का?

ओक्साना : विचारलं तर 'हवामान' म्हणालात! एकाहत्तराव्या वर्षी, गळ्यात गाठ असताना, उणे अठ्ठावीसमध्ये खोक्यात! मेला असतात तर माझ्या वहीत काय लिहायचं मी? 'हवामानानं मेले'?

सोल्वेग : मला का नाही सांगितलंत, बाबा? नुसतं मला?

वाल्दी : तुला सांगितलं असतं तर तू स्वतःच निघाली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही? आईवर गेलीयस. 'मी अडचण नको' म्हणाली असतीस आणि पुन्हा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस.

ओक्साना : थांबा जरा. मी बाहेरून घराला एक फेरी मारून येते. कचऱ्याचा डबा बघायचा राहिलाय.

(ओक्साना बाहेर जाते. भिंतीपलीकडून मीटरची टिकटिक आधी सुटी सुटी, मग एकदम सलग ऐकू येते.)

सोल्वेग : ते काय? काय सापडलं? ओक्सानाबाई!

ओक्साना : डबा ठीक आहे. पण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बर्फ बोलतोय. तीन जागा. पिवळ्या. आजोबा?

वाल्दी : कुत्रं असेल.

ओक्साना : आयोडीन खाल्लेलं कुत्रं?

वाल्दी : थंडीत म्हाताऱ्याला दम निघत नाही, बाई. तुमचा तो कागदच म्हणतो, भरपूर पाणी प्या. पीत होतो.

सोल्वेग : माझ्या खिडकीखाली? बाबा, मासे तुम्ही पडवीत लावत होतात. पडवी पुढच्या बाजूला. खिडकीखाली काय करत होतात?

वाल्दी : काही नाही. वाटेवरच आहे.

सोल्वेग : वाटेवर नाही. तिथं जायला गुडघाभर बर्फातून घराला वळसा घालावा लागतो.

वाल्दी : दिवा बघायला येत होतो.

सोल्वेग : कसला दिवा?

वाल्दी : चार-साडेचारला अंधारतं ना. तू दिवा लावायचीस. लावलास की मी परत जायचो. एक दिवस उशीर केलास लावायला. म्हटलं, गेली की काय त्याच्याकडे. तेव्हा बराच वेळ थांबलो. त्या दिवशीची जागा जरा मोठी आहे.

ओक्साना : तीच. मधली. सोल्वेग, घाबरू नका. मधे भिंत आहे, अंतर आहे, आणि तुम्ही तिकडे पाय ठेवलेला नाही. तुमच्या खुर्चीपाशी काहीही नोंद होत नाही. मी तिथं चार काठ्या रोवून दोरी बांधते. दर आठ दिवसांनी निम्मं होत जाईल. बाळ सुखरूप आहे. हे मी हसवायला सांगत नाही.

सोल्वेग : आणि त्यांचं?

ओक्साना : अंगात आता फार उरलेलं नाही, पण तुमच्यापासून अजून पाच दिवस लांबच. मी माझ्या गाडीतून नेते. मागच्या सीटवर, तोंड बंद ठेवून. शनिवारी परत आणून सोडते.

वाल्दी : शनिवारी हॉकीची मॅच आहे. रविवार केला तर?

ओक्साना : गाडीत बसा!

सोल्वेग : थांबा. हा घ्या कोट, तुमचा जाड. आणि मोजे. बाकावर ठेवते, मी मागं झाले की उचला. राग गेलेला नाही माझा, सांगून ठेवते.

वाल्दी : जाऊ पण नको देऊस. उबेला बरा असतो. मला तशी गरज नाही म्हणा, त्या गोळीनं तर मी रात्री शर्ट काढून...

सोल्वेग : बाबा. एकदाच, खरं सांगा. थंडी वाजली?

वाल्दी : वाजली गं.