बघायला गेलो आणि काप चिकटले

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात.

तर मी के. आर. पुरमला मुलगी बघायला गेलो होतो. सोबत आलेले मामा म्हणाले, "आमचा आनंदा आनेकलला कँटीनमध्ये आचारी आहे. बटाट्याचे काप खाल तर बोटं चाटाल!"

मुलीचे वडील म्हणाले, "सरी, बरं, मग आजच होऊन जाऊ दे की!"

स्वयंपाकघरात मुलगी होती, सरिता, आणि स्टीलचा पॅन. मला सवय बिडाच्या तव्याची. घाबरून गार पॅनमध्येच तेल ओतलं आणि काप मांडले. सगळे चिकटले. खरवडायला गेलो तर रवा पॅनला आणि बटाटा उलथन्यावर.

बाहेरून मामा ओरडले, "झाले का रे?"

सरिताने पॅन घासून पुन्हा गॅसवर ठेवला. म्हणाली, "आधी नुसता तापू द्या. पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळाला की मग तेल. काप टाकले की उलथनं खाली ठेवा. खरपूस झाले की आपले आपण सुटतात."

मी हात मागे बांधून उभा राहिलो. खरंच सुटले!

वडिलांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, कसा वाटला?"

"थांबा म्हटलं की थांबतात, बाबा. मला चालतील."

मला कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिकपेटच्या बाजारात जाऊन स्टीलचा पॅन घेतला. दोघांपुरता.